दर कमी करताना ऐकलेत, फेरविचार करताना का नाही? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
कफ परेड, मुंबई.

स.न.वि.वि.

मी इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे. आमचे फक्त माग, कामगार आणि वीज. आम्हाला मजुरी मिळते ती पिकाला, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याला, पैशांत. ती वर्षानुवर्षे जागची हलत नाही आणि हललीच तर खाली येते. कामगाराचा पगार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्याचा पगार, मागाचे सुटे भाग हे सगळे त्यातूनच भागवायचे. अशा धंद्यात युनिटमागे पन्नास पैसे इकडचे तिकडे झाले की महिन्याचा हिशेब फिरतो. म्हणून तुमचे आदेश आमच्या गावात वाचले जातात. सगळेच जण वाचतात असे नाही, पण जो वाचतो तो चहाच्या टपरीवर बाकीच्या दहा जणांना समजावून सांगतो. मी त्या समजावून सांगणाऱ्यांपैकी एक आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो, कारण पुढची तक्रार तिच्यावरच उभी आहे. तुमचा आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. त्याआधी या राज्यात विजेचा दर म्हणजे राज्य वीज मंडळ आणि मंत्रालय यांचा आपसातला मामला होता. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प त्याच काळातला. १९९३ चा वीजखरेदी करार दडवून ठेवलेला, त्याचा बोजा पुढे कुणाच्या बिलात येणार हे विचारायला जागाच नव्हती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तोवर राज्य वीज मंडळाचे कंबरडे मोडले होते. आयोग आला आणि पहिल्यांदा कागद उघडे झाले. मंडळ कित्येक वर्षे वीजगळती १५ ते १८ टक्के सांगत आले होते. मे २००० च्या पहिल्या दर-आदेशाच्या वेळी ग्राहक प्रतिनिधींनी शेतीपंपांच्या वापराचे आकडे खोदून काढले, आयोगाने ते तपासले, आणि गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. जी चोरी आणि गळती होती ती शेतकऱ्याच्या नावावर टाकली जात होती. हे मंत्रालयातल्या कुठल्या बैठकीत बाहेर आले नसते. कुणीतरी उठून विचारले आणि आयोगाला उत्तर मागावे लागले, म्हणून आले.

वीज कायदा २००३ मध्ये हेच पक्के झाले. कलम ६४ सांगते की दराच्या अर्जाला प्रसिद्धी द्यायची, जनतेच्या सूचना-हरकती विचारात घ्यायच्या आणि १२० दिवसांत निर्णय द्यायचा. कलम ८६(३) सांगते की आयोगाने आपले अधिकार वापरताना पारदर्शकता राखली पाहिजे. कलम ९४(३) तुम्हाला ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू देते. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी त्याच वाटेने आमच्यासारख्यांची कितीतरी कामे केली आहेत.

आता २०२५ सालाकडे येतो.

महावितरणने पाच वर्षांचा बहुवर्षीय दर-अर्ज केला. रीतसर जाहिरात झाली, हरकती गेल्या, विभागवार सुनावण्या झाल्या. २८ मार्चला तुमचा आदेश आला आणि पहिल्याच वर्षी सरासरी दरात सुमारे १० टक्के कपात निघाली. दर कमी होतो ही बातमी आमच्याकडे इतकी विरळा की लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. तो अविश्वास खरा ठरला. आदेश अमलात यायच्या सुमारासच महावितरणने धाव घेतली आणि तुम्ही स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिलीत. मग फेरविचार अर्ज आला आणि २५ जूनला नवा आदेश निघाला. १ जुलैपासून तो लागू झाला आणि मार्चच्या आदेशाच्या तुलनेत कित्येक वर्गांना महाग पडला. या दुसऱ्या फेरीत जाहीर सुनावणी झाली नाही. ज्यांनी फेब्रुवारीत येऊन हरकती मांडल्या होत्या, त्यांना जूनमध्ये कुणी बोलावले नाही. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. न्यायालयात काय ठरायचे ते ठरो, त्यावर मी बोलत नाही. मी बोलतोय ते तुमच्या पद्धतीवर.

फेरविचाराचा अधिकार तुम्हाला आहे, हे कायद्यातच आहे. पण तो दिवाणी न्यायालयाच्या धर्तीवर आहे. नवा पुरावा सापडला, कागदावर नजरेत भरणारी चूक राहिली, किंवा तशाच तोलाचे दुसरे कारण असले, तरच. फेरविचार म्हणजे दुसऱ्यांदा मूळ सुनावणी नव्हे. आणि एखाद्या आदेशात चूक इतकी मोठी असेल की ती दुरुस्त करताना राज्यातल्या सुमारे ३ कोटी ग्राहकांचे दर हलतात, तर ती ‘दुरुस्ती’ राहत नाही, तो नवा दरच झाला. नव्या दराला कलम ६४ लागते. एकदा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढला की ताण्याचे (उभे) धागे बदलायचे तर माग थांबवावा लागतो, मालकाला विचारावे लागते, मगच हात लावता येतो. तुम्ही चालत्या मागावर धागे बदललेत.

महावितरणचे म्हणणे पूर्णपणे चूक होते असे मला म्हणायचे नाही. कपातीमुळे महसुली तूट पडली असती, ती पुढे ढकलली गेली असती आणि पुढच्या वर्षांत व्याजासकट आमच्याच माथी आली असती, हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. ‘रेग्युलेटरी ॲसेट’ या गोंडस नावाखाली तूट साठवत जाण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात राज्याराज्यांच्या आयोगांना सुनावले आहे आणि जुनी साठलेली रक्कम ठरावीक मुदतीत निस्तरायला सांगितले आहे. पण मग हे आमच्यासमोर मांडा की. आम्हीही हिशेब करतो. ‘आज दहा टक्के स्वस्त आणि परवा पंधरा टक्के महाग’ यापेक्षा ‘दर वर्षी थोडे थोडे’ परवडते, हे यंत्रमागवाल्याला शिकवायला लागत नाही. आम्हाला विचारले असते तर कदाचित अर्ध्या सभागृहाने महावितरणच्या बाजूने मान डोलावली असती. विचारले नाही, म्हणून आता कुणाचाच विश्वास नाही.

दुसरा विषय वेळेनुसार दराचा, म्हणजे टीओडीचा. हा आमच्या पोटाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या दरपत्रकात यंत्रमागाचे दोन वर्ग आहेत, २० किलोवॅटपर्यंत आणि त्यावर. बाहेरच्या माणसाला नेहमी प्रश्न पडतो की सरकारी सवलतीत ती २७ अश्वशक्तीची रेघ कुठून आली. ती इथूनच आली. २७ अश्वशक्ती म्हणजे २० किलोवॅटच्या किंचित वर. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने रेघेखालच्यांना युनिटमागे १ रुपया आणि वरच्यांना ७५ पैसे जादा सवलत जाहीर केली तीही याच रेघेवर. रेघेच्या वरच्याला टीओडी आधीपासून सक्तीचा आहे. जुन्या पद्धतीत रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती. सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. आमचे माग दोन पाळ्यांत रात्रंदिवस चालतात. चोवीस तास विजेचा भार (वापर) सारखाच धरून हिशेब केला तर सूट आणि जादा आकार वजा जाता युनिटमागे सरासरी बावीस पैशांच्या आसपास आमच्या पदरात पडत होते. पिकाला पैशांत मजुरी घेणाऱ्याला हे बावीस पैसे म्हणजे नफा.

नव्या रचनेत स्वस्त वीज सकाळी ९ ते संध्याकाळी ५, आणि महाग वीज संध्याकाळी ५ ते मध्यरात्र. रात्रीची ती दीड रुपयाची सूट गेली. का, हे समजते. दिवसा सौर वीज भरपूर, सूर्य मावळला की औष्णिक संचांवर ताण. पूर्वी रात्री वीज उरायची, आता दुपारी उरते. शास्त्र बरोबर आहे. पण हे शास्त्र ज्याच्यावर लावायचे त्याचे काम कसे चालते हे पाहायला नको? कापड गिरणीसारखा आमच्याकडे भार हलवायला वाव नाही. कामगाराला पैसे मिळतात ते विणलेल्या मीटरवर. संध्याकाळी ५ ला माग थांबवून रात्री १२ ला चालू करा असे त्याला सांगणार कोण? आणि सांगितले तर तो पहाटेपर्यंत थांबणार, की शेजारच्या कारखान्यात जाणार? मालेगाव, भिवंडी, विटा, सोलापूर, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. एका वर्गाचा कामाचा दिवसच बदलायला लावणारा निर्णय पाचशे पानांच्या आदेशातल्या एका तक्त्यात येतो, आणि त्या वर्गाला कळतो तो बिलावर.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या हातात नव्हते, केंद्राच्या नियमाने आले. अर्धे खरे आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. सौर तासांत दर निदान २० टक्के कमी, जास्त मागणीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला निदान १.२ पट आणि इतरांना १.१ पट. पण कुठले तास सौर आणि कुठले जास्त मागणीचे, हे ठरवायचे राज्याच्या आयोगाने किंवा विजेची मागणी-पुरवठा सांभाळणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राने. म्हणजे चौकट दिल्लीची, पण घड्याळाचे काटे तुमच्या हातात. वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे तो यासाठीच, की दिल्लीने रेघ ओढावी आणि मुंबईने आपल्या माणसांकडे पाहून ती वळवावी. गेल्या काही वर्षांत मात्र कायद्याला हात न लावता नियमांतून सगळे केले जात आहे. डिसेंबर २०२२ च्या नियमाने इंधन आणि वीजखरेदीचा वाढीव खर्च दर महिन्याला आपोआप ग्राहकावर टाकायची सोय झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द कायदाच बदलायचा मसुदा आला. प्रत्येक पायरीवर राज्य आयोगाचा वाव थोडा थोडा आक्रसतो आहे, आणि त्याबद्दल राज्य आयोगांकडून जाहीरपणे चकार शब्द ऐकू येत नाही.

स्मार्ट मीटरचे प्रकरण तर या टोलवाटोलवीचा उत्तम नमुना. ग्राहक हक्क नियम २०२० मधला पाचवा नियम म्हणतो की मीटर स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेडच असावा. त्यालाच जोडून पुढे असेही म्हणतो की यातून सूट द्यायची तर ती आयोगाने मंजूर करावी आणि कारणे नोंदवावीत. म्हणजे सूट देण्याची किल्ली नियमानेच तुमच्या हाती ठेवली आहे. मूळ कायद्याचे कलम ४७(५) तर प्रीपेड मीटर हा ग्राहकाच्या तयारीचा प्रश्न मानते, जो तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये असे म्हणते. नियम कायद्याहून मोठा होऊ शकत नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

प्रत्यक्षात काय झाले? २०२३ मध्ये सव्वादोन कोटींच्या घरात मीटरांची कंत्राटे दिली गेली, देखभालीसह मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये. केंद्राचे अनुदान मीटरमागे फार तर ९०० रुपये. बोंब झाली. जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केले की सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट मीटर बसवणार नाही. नंतर तेच यंत्र पोस्टपेड ‘टीओडी मीटर’ म्हणून घरोघर येऊ लागले. ग्राहकाकडून थेट पैसे घेत नाहीत हे खरे. पण ९०० वजा जाता उरलेले अकरा हजार आकाशातून पडत नाहीत. ते वितरण कंपनीच्या वार्षिक महसुली गरजेत, म्हणजे दरातून वसूल करायच्या वर्षाच्या खर्चात, जातात, आणि ती गरज मंजूर करता तुम्ही. तेव्हा गावात माणूस विचारतो, हे ठरवले कुणी? कंपनी म्हणते केंद्राचा नियम. केंद्र म्हणते सूट आयोग देऊ शकतो. मंत्री म्हणतात बसवणार नाही. आणि मीटर तर भिंतीवर बसलेला असतो. या चौघांपैकी फक्त एकाला कायद्याने जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि कारणे लिहावी लागतात, तो आयोग. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मला स्मार्ट मीटरचा विरोध नाही, हेही नोंदवून ठेवतो. दुपारी वीज स्वस्त मिळणार असेल तर वेळ मोजणारा मीटर लागणारच. माझा प्रश्न दुसराच आहे. हा मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने भार नोंदवतो. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत त्यावरून घरात माणसे कधी असतात ते कळते. माझ्या बाबतीत कळते की किती माग चालू आहेत, कुठल्या आठवड्यात काम नाही, रात्रपाळी कधी बंद पडली. मजुरीची घासाघीस करणाऱ्या व्यापाऱ्याला ही माहिती मिळाली तर तो दुसऱ्या दिवशी पिकाला दोन पैसे कमी करील. ही माहिती मीटर बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या यंत्रणेतून जाते. ती कुणी, किती दिवस ठेवायची, कुणाला द्यायची, याबद्दल देशाचा वैयक्तिक डेटा कायदा २०२३ चा आहे, पण तो व्यक्तीच्या माहितीचा विचार करतो. कारखान्याच्या भाराच्या आलेखाचे काय? वितरण परवानाधारकासाठी ही बंधने घालणारे विनियम तुम्ही करू शकता. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

कधी कधी वाटते, आपण विजेवाले नशीबवान आहोत. दूरसंचार हा पूर्णपणे केंद्राच्या सूचीतला विषय. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. कुठेही सुनावणी नाही, हरकत नाही, कारण ट्रायने, म्हणजे दूरसंचाराच्या नियामकाने, दर कंपन्यांवरच सोडले आहेत. तक्रार करायची तर आधी कंपनीच्या केंद्राकडे आणि मग अपिलात त्याच कंपनीच्या अधिकाऱ्याकडे. ग्राहक न्यायालयाची वाटही कित्येक वर्षे अडलेली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोकळी केली. पण त्याच ट्रायची एक गोष्ट तुम्ही उचलावी. कुठलाही विषय आला की ट्राय आधी सल्लापत्र काढते, आलेल्या सूचना संकेतस्थळावर टाकते, मग त्या सूचनांवरच्या प्रतिसूचना मागवते आणि त्याही टाकते. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या सेवांना सारखी वागणूक मिळण्याच्या वादाच्या वेळी लोकांनी दहा लाखांवर ईमेल पाठवले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावाच्या डेटा-दरांवर बंदी आली. आपल्याकडे हरकत घेणाऱ्याला कंपनीचे उत्तर मिळते, पण त्या उत्तराला प्रत्युत्तर द्यायला वेळ आणि जागा दोन्ही अपुरी पडतात.

भाषेबद्दल थोडक्यात. अर्जाचा मराठी सारांश निघतो, हरकत मराठीत देता येते, बोलताही येते. पण मूळ अर्ज इंग्रजीत, तक्ते इंग्रजीत आणि आदेशही इंग्रजीत. ज्या आदेशाने इचलकरंजीच्या मागाचे आणि मेळघाटातल्या दिव्याचे पैसे ठरतात त्याची निदान कारणमीमांसा आणि दरपत्रक तरी मराठीत, त्याच दिवशी यावे. वर्षभराने अनुवाद झाला तर तो फक्त दप्तरी लावायला.

आणि सवलतीबद्दल. कलम ६५ म्हणते की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे आगाऊ भरावेत. न भरल्यास सवलत लागू होत नाही, दर आयोगाचाच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज असो की आमचा तो रुपया आणि पाऊण रुपया, घोषणा होते, बिलात सवलत दिसते, पण आगाऊ रक्कम आली की नाही हे बाहेरच्याला कळत नाही. रक्कम थकली की कंपनीचे खेळते भांडवल आटते, कर्ज वाढते, आणि ते व्याज पुढच्या अर्जात सर्वांच्या दरात दिसते. आम्ही सवलत घेणारे असूनही हे सांगतो आहे, कारण शेवटी ते फिरून आमच्याकडेच येते. दर तिमाहीला सरकारने किती भरायचे होते आणि किती भरले, हा एका पानाचा तक्ता तुम्ही महावितरणकडून घेऊन प्रसिद्ध करू शकता.

तेव्हा मागणे एवढेच आहे. कुठल्याही ग्राहकवर्गाचा दर बदलणारा फेरविचार अर्ज यापुढे जाहीर सूचना आणि सुनावणीशिवाय निकाली काढू नका, आणि तशी तरतूद आपल्या कामकाज विनियमांत घाला. स्मार्ट मीटर, त्याचा खर्च आणि त्याची माहिती यांवर स्वतःहून प्रकरण दाखल करून सुनावणी लावा, आणि पाचव्या नियमातली सूट कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे कारणांसह लिहा. यंत्रमागासाठीचे टीओडीचे तास वेगळे ठरवता येतील का, याचा अभ्यास यंत्रमागाच्या गावांतल्या फीडरच्या (वीजवाहिन्यांच्या) नोंदी काढून करा. त्या नोंदी महावितरणकडे आहेत. या विषयाची सुनावणी इचलकरंजीत किंवा मालेगावात ठेवलीत तर शक्यतो सोमवारी ठेवू नका. सोमवारी बिगारी, कांडीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर सगळे हिशेबाला अडकलेले असतात. आणि वेळ सकाळची ठेवा, म्हणजे रात्रपाळी संपवून कामगारही येतील.

आपला,
एक खर्चीवाला यंत्रमागधारक
इचलकरंजी, जि. कोल्हापूर